वार्ताफलक

पावसाळा ऐन भरात आला, की सांगलीच्या रस्त्यात भेटलेली दोन परिचित माणसे एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी करीत नाहीत. ‘पाणी किती झालंय?’ असा प्रश्न येतो आणि ‘एकोणचाळीस’ एवढेच उत्तर मिळते. विचारणारा किंचित थबकतो, मनाशी काही हिशेब करतो आणि पुढचे विचारतो, ‘कोयनेतनं किती सोडलंय?’ परगावच्या माणसाला या संवादाचा अर्थ लागणे कठीण. कसले पाणी, ते कोठे मोजले, कोणत्या मापाने मोजले, यांपैकी काहीच त्यात सांगितलेले नाही. सांगण्याची गरजही नाही. व्हाइसरॉय आयर्विन यांचे नाव धारण करणाऱ्या आणि १९२९ साली खुल्या झालेल्या पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे तेथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कोयना कराडला कृष्णेला मिळते, तेव्हा धरणातून सुटलेले पाणी वाट चालत आपल्याच दारी यायचे आहे, हेही ठाऊक असते. बातमीचा अर्धा भाग सांगणाऱ्याच्या तोंडी असतो आणि उरलेला अर्धा ऐकणाऱ्याच्या ठायी आधीपासून असतो. स्थानिक बातमीचे हे पहिले लक्षण म्हणावे लागेल.

वृत्तपत्राच्या पहिल्या पानावरील बातमीचे असे नसते. राजधानीतील सरकार डळमळले, ही बातमी कोणत्याही गावी वाचली तरी तेवढीच समजते. वाचणारा मत बनवतो, ते दुसऱ्याला ऐकवतो आणि वर्तमानपत्राची घडी घालून कामाला लागतो. त्या बातमीने त्याच्यावर कोणतेही कर्तव्य टाकलेले नसते. आतल्या पानावर कोपऱ्यात मात्र तीन ओळी असतात. अमुक गल्लीतील अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले, पश्चात दोन मुले, एक मुलगी, नातवंडे असा परिवार आहे, रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वाजता. या तीन ओळी वाचणाऱ्याची उद्याची सकाळ बदलून टाकतात. त्याला दुकान उशिरा उघडावे लागते, रजा टाकावी लागते, भांडण असले तर ते तेवढ्यापुरते गिळावे लागते. गेला नाही तर त्याचे न जाणे हीही एक वार्ता होते. अशा मजकुराला लेखक नसतो, शैली नसते आणि आयुष्य एका दिवसाचे असते. त्यामुळे वाङ्मयाचा विचार करणाऱ्यांनी त्याच्याकडे कधी लक्ष दिले नाही. तथापि लहान शहरात सर्वाधिक वाचले जाणारे गद्य हेच आहे.

‘वार्ता’ या शब्दाचाच मागोवा घेतला, तर एक लक्षणीय गोष्ट हाती लागते. कौटिल्याने ज्या चार विद्या मानल्या, त्यांत आन्वीक्षिकी, त्रयी आणि दंडनीती यांच्या जोडीला वार्ता आहे. आणि तेथे वार्ता म्हणजे बातमी नव्हे. शेती, पशुपालन आणि व्यापार यांची विद्या, म्हणजेच माणसाच्या उपजीविकेचा विचार, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. वृत्ती या शब्दाशी त्याचे नाते आहे. पोट कशावर चालते आणि आसपास काय चालले आहे, हे दोन अर्थ एका शब्दात नांदले, हा निव्वळ योगायोग मानण्याचे कारण नाही. ज्याच्या कानी वार्ता वेळेवर पडते, त्याची वृत्ती सुरक्षित राहते. ज्याच्या कानी ती पडत नाही, त्याची जमीन, नोकरी, हंगाम, प्रसंगी प्राणही जातो. महाभारतातील यक्ष युधिष्ठिराला ‘वार्ता कोणती?’ असे विचारतो, तेव्हा काळ प्राणिमात्रांना शिजवीत आहे, या आशयाचे उत्तर तो देतो. तत्त्वज्ञाचे ते उत्तर थोरच आहे. परंतु चौकातल्या माणसाला त्याने भागत नाही. काळ कोणाला शिजवीत आहे, कोणत्या गल्लीत आणि तेथे पोहोचायला अजून अवकाश आहे काय, हे त्याला कळायला हवे असते.

लहान शहराच्या बातम्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतील. काही वार्ता बोलावतात, काही सावध करतात आणि काही दार उघडतात. मयत, लग्न, व्याख्यान, नाटकाचा प्रयोग, उरूस, जत्रा या बोलावणाऱ्या वार्ता. पूर, साथ, पाणीपुरवठा बंद, रस्ता बंद या सावध करणाऱ्या. भरती, शिष्यवृत्ती, वसतिगृहाचा प्रवेश, बाजारभाव, कर्जाची योजना या दार उघडणाऱ्या. तिन्ही एकाच फळ्यावर, एकाच खडूने लिहिल्या जातात आणि एकाच हाताने पुसल्याही जातात. मात्र ज्या तिन्हींवर शहराचा संसार चालतो, त्या सर्वांपर्यंत सारख्या पोहोचतात काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. बातमी खरी की खोटी याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ती कोणापर्यंत पोहोचली नाही, याविषयी फार थोडे.

बोलावणाऱ्या वार्तेचे जुने नाव सांगावा. सांगावा धाडणे आणि सांगावा येणे यांत एक जिव्हाळा आहे, असे आज वाटते, आणि ग्रामजीवनाच्या स्मरणरंजनात त्याला मानाचे स्थानही मिळाले आहे. परंतु सांगावा घेऊन उन्हातान्हात, रात्री-अपरात्री गावोगाव कोण जात होते, हे विचारले की हा जिव्हाळा अवघड होतो. मयताचा निरोप पोहोचवणे, दवंडी देणे, सरकारी माणसाच्या पुढे धावणे ही कामे महार वतनाचा भाग होती आणि ती नाकारण्याची सोय नव्हती. सांगली जिल्ह्यातील आटपाडीचे शंकरराव खरात यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे नाव ‘तराळ-अंतराळ’ आहे. तराळ म्हणजे गावकीचा हाच पाळीचा नोकर. तराळकी करणाऱ्याच्या घरात जन्मलेला मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्षही. शीर्षकातील दोन शब्दांमधले अंतर किती मोठे आहे, हे सांगाव्याची व्यवस्था कशी होती ते कळल्यावाचून कळत नाही. तराळ गावातली प्रत्येक वार्ता सर्वांच्या आधी ऐकत असे. तिच्यातील एकही त्याच्यासाठी नसे. जो लग्नाचे निमंत्रण पोहोचवतो त्याला पंगतीत पान नाही, जो लिलावाची दवंडी देतो त्याला बोली बोलण्याची ऐपत नाही आणि तसे बोलण्याची मुभाही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्याच्या मुळाशी ही बिनमोल राबणूक होती. ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडले.

या पार्श्वभूमीवर चौकातल्या साध्या फळ्याचे मोल निराळे दिसू लागते. फळा कोणाच्या दारी जात नाही, म्हणून कोणाला धावायला लावीत नाही. त्यावरचा मजकूर वाचण्यासाठी ओळख लागत नाही, केवळ अक्षर लागते. वाचणाऱ्याने तेथे उभे राहण्याचे कारण कोणी विचारू शकत नाही. महाराष्ट्रातील शहरांत तालमी, तरुण मंडळे, पक्षांच्या शाखा, वाचनालये यांनी असे फळे चालवले. त्यांवर सुविचार असे, निधनवार्ता असे, रक्तदानाचे आवाहन असे, क्वचित एखाद्या पुढाऱ्याविषयी टोमणाही असे. अक्षर बहुधा एकाच माणसाचे, वर्षानुवर्षे ओळखीचे झालेले. तो आजारी पडला, तर त्या दिवशी फळ्यावर कालचीच तारीख राही आणि लोक त्याच्या घरी चौकशीला जात.

तरीही फळा सर्वांचा होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. निरक्षराला तो मुका होता. आणि चौक ही पुरुषांच्या उभे राहण्याची जागा. घाईने मंडईतून परतणारी बाई पाटी वाचत दोन मिनिटे तेथे थांबली, तर तीच तेथल्या लोकांच्या बोलण्याचा विषय व्हायची. नळकोंडाळे, दळपाची गिरणी, देवळाचा ओटा, हळदीकुंकू या तिच्या वार्तेच्या जागा होत्या. तेथे कोणाकडे पाळणा हलला आणि कोणाचे लग्न जुळले, ते कळे; परिचारिका प्रशिक्षणाच्या अर्जाची शेवटची तारीख कळत नसे. सांगलीला आकाशवाणीचे केंद्र १९६३ साली झाले, त्याचा एक मोठा गुण म्हणजे त्याने ही भिंत ओलांडली. चुलीपाशी बसलेल्या बाईला आणि कांदा काढणाऱ्या मजुराला एकाच वेळी एकच गोष्ट ऐकू येऊ लागली. ती ऐकण्यासाठी अक्षर लागत नव्हते आणि चौकात जावेही लागत नव्हते.

बोलावणाऱ्या वार्तांमध्ये सांस्कृतिक कार्यक्रमांचा भाग मोठा आहे आणि या बाबतीत सांगली-मिरजेचे वैभव लहान नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळला जातो आणि त्या दिवशी भाव्यांच्या नावाचे गौरवपदक ज्येष्ठ रंगकर्मीला देण्याची प्रथा आहे. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या निमित्ताने गाणे होते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले, ते त्याच परिसरात विसावले आहेत आणि त्यांच्या स्मरणार्थ गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची तेथे हजेरी लागते. या दोन कार्यक्रमांच्या वार्तेचे स्वरूप मात्र भिन्न आहे. नाट्यगृहातील समारंभाची छापील पत्रिका निघते, तिच्यावर ‘आग्रहाचे निमंत्रण’ असते आणि पहिल्या रांगा राखलेल्या असतात. दर्ग्यातील गाण्याला दार नाही. ज्याला उरुसाची तिथी ठाऊक आहे, त्याला निमंत्रण आहेच. सतार घडवणारा कारागीर, रुग्णाच्या सोबतीला परगावाहून आलेला नातेवाईक, पहाटेच्या गाडीची वाट पाहणारा प्रवासी यांच्यापैकी कोणीही तेथे येऊन बसू शकतो. ‘सर्वांना प्रवेश विनामूल्य’ ही ओळ अनेक पत्रिकांवर छापलेली असते. पण तीतील ‘सर्व’ या शब्दात आपण येतो, असे ज्याला वाटत नाही तो दाराशी येऊन परततो. दार खुले आहे, एवढे सांगून भागत नाही. ते आपल्यासाठी खुले आहे, असे ऐकणाऱ्याला वाटावे लागते.

सावध करणाऱ्या वार्तेत हा प्रश्न जिवावर बेततो. ‘एवढे हजार क्युसेक विसर्ग’ ही माहिती आहे. सूर्यवंशी प्लॉटमध्ये वा दत्तनगरात राहणाऱ्या माणसासाठी ती वार्ता तेव्हा होते, जेव्हा कोणीतरी त्याचे भाषांतर ‘पहाटेपर्यंत उंबऱ्याला पाणी लागेल’ असे करते. सखल भागातल्या जुन्या रहिवाशांजवळ हे भाषांतर पिढ्यांच्या अनुभवाने आलेले असते. अमुक फुटांना अमुक रस्ता बंद, अमुक फुटांना सांगलीवाडीचा संपर्क कठीण, अमुक फुटांना मारुती चौकात पाणी, असे एक अलिखित कोष्टक त्यांच्या मनात असते. नवीन राहायला आलेल्या भाडेकरूजवळ ते नसते. ऊसतोडीच्या वा बांधकामाच्या निमित्ताने आलेल्या परप्रांतीय मजुराजवळ तर भाषाही नसते.

आणि जुने कोष्टकही एके दिवशी खोटे ठरते. २००५ साली आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेले, तेव्हा याहून अधिक होणे नाही, अशी अनेकांची खूणगाठ बसली. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांपलीकडे गेले. ‘२००५ ला इथवर आलं होतं, त्याच्या वर येत नाही’ या ठाम स्थानिक ज्ञानावर विसंबून माणसे पहिल्या मजल्यावर थांबली आणि अडकली. ज्या स्मृतीने वार्तेला अर्थ दिला होता, त्याच स्मृतीने या वेळी तिचा अर्थ झाकला. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे, पाण्याने वेढलेल्या गावातून बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली आणि त्यांतील अनेकजण, स्त्रिया आणि मुले धरून, बुडाले. ती माणसे वार्ता न कळल्याने तेथे अडकली, की कळूनही वेळेवर साधन न मिळाल्याने, याचा निवाडा एका वाक्यात होण्याजोगा नाही. एवढे खरे, की इशारा आणि नाव यांच्यामध्ये जी व्यवस्था असावी लागते, तिच्यावाचून इशारा हा केवळ आकडा राहतो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला.

२०१९ च्या पुराने सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयातही पाणी शिरले आणि हजारो ग्रंथ भिजून गेले. वाचनालयाची हानी म्हटली, की दुर्मिळ पुस्तकांची हळहळ प्रथम व्यक्त होते, आणि ती योग्यच आहे. पण लहान शहराचे वाचनालय हे केवळ ग्रंथांचे कोठार नसते. स्थानिक वृत्तपत्रांचे जुने अंक, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, व्याख्यानांच्या पत्रिका हे दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी न मिळणारे साहित्य अशाच जागी साठत जाते. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कोठेतरी सापडते. गावातल्या एका दिवसाची बातमी भिजली, की तो दिवस गेला. पुरानंतर रस्त्याकडेला पडलेल्या कागदाच्या लगद्यातून काय नाहीसे झाले, याची यादी करण्यासाठीही एखादी यादी कोरडी राहिलेली असावी लागते.

आता दार उघडणाऱ्या वार्तेकडे वळले पाहिजे, कारण शहराच्या न्यायबुद्धीची परीक्षा तेथे होते. सांगली ही हळदीची पेठ. येथून जवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरला, जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद साठवण्याची पद्धत होती. २००५ च्या पुरात अशा अनेक पेवांत पाणी शिरले. पेठ म्हटली, की भाव आलाच. देशातील कित्येक बाजारांत एके काळी हा भाव रुमालाखाली ठरे. दलाल आणि खरेदीदार एका फडक्याखाली हात घालीत, बोटे दाबून आकडा सांगत, आणि ज्याचा माल आहे तो शेतकरी समोर उभा राहून ते फडके हलताना पाहत असे. त्याच्या वर्षभराच्या कष्टाची वार्ता त्याच्यापासून एका वितीवर होती, आणि तीच नेमकी त्याला कळत नव्हती. मुंबई इलाख्यात १९३९ साली आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ साली शेतमालाच्या बाजाराचे कायदे झाले. उघड लिलाव हे त्या नियमनाचे एक महत्त्वाचे अंग होते. भाव उघड बोलला जाऊ लागला म्हणून तो नेहमीच न्याय्य झाला, असे नव्हे. पण शेजारच्या ढिगाला काय मिळाले, हे त्याच घटकेला सर्वांना ऐकू येऊ लागले. रुमाल दूर झाला, हा त्यातला मुख्य लाभ.

नोकरीचा रुमाल मात्र अधिक चिवट आहे. जागा निघाल्याची कुणकुण प्रथम लागते ती कार्यालयातल्या माणसाला. तो आपल्या भाच्याला सांगतो, भाचा आपल्या मित्राला. त्यात त्याला काही गैर केल्यासारखे वाटत नाही, कारण आपल्या माणसाचे भले चिंतणे हा सद्गुणच आहे. परंतु ज्या कुळातले कोणीच कधी कार्यालयात नव्हते, त्या घरातल्या मुलाला सांगणारा मामा कोठून आणायचा? सांगलीच्या शेजारी, कोल्हापूर संस्थानात, २६ जुलै १९०२ च्या करवीर गॅझेटात शाहू छत्रपतींचा जाहीरनामा निघाला आणि रिक्त होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या समाजांतील उमेदवारांसाठी राखण्याचा हुकूम झाला. या घटनेचे सामाजिक महत्त्व सर्वमान्य आहे. तिची आणखी एक बाजू ध्यानात घेण्याजोगी आहे. हा हुकूम दरबारात बोलून दाखवला गेला नाही. तो छापला गेला, दिनांकासह, आणि त्याच्या अंमलबजावणीचे तिमाही अहवाल मागवले गेले. संधी राखून ठेवणे आणि संधी राखली आहे हे जाहीर करणे, या दोन्ही गोष्टी एकाच कागदाने केल्या. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत निघालेल्या ‘मूकनायका’स याच छत्रपतींनी २५०० रुपयांचे साहाय्य केले, हे या दृष्टीने सुसंगतच होते. शतकानुशतके इतरांच्या वार्ता वाहणाऱ्यांना आता स्वतःची वार्ता सांगण्याचे साधन मिळाले.

स्वतंत्र भारतात १९५९ साली रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयांना कळवणे सक्तीचे करणारा कायदा झाला. नावनोंदणीचे कार्ड जपून ठेवणे आणि ठरावीक मुदतीत त्याचे नूतनीकरण करण्यासाठी जिल्ह्याच्या गावी रांगेत उभे राहणे, हा अनेक पिढ्यांच्या तारुण्याचा भाग झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एका निकालात असे म्हटले, की या कार्यालयांकडून नावे मागवण्याखेरीज जागांची प्रसिद्धी वृत्तपत्रांतूनही व्हावी आणि कार्यालयाच्या सूचनाफलकावर, रेडिओ-दूरदर्शनवर ती जाहीर व्हावी. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानेही माहितीच्या प्रसाराची साधने सांगताना सूचनाफलक, वृत्तपत्रे, जाहीर घोषणा, प्रसारण आणि इंटरनेट यांची नावे घेतली आहेत. कायद्याच्या भाषेत सूचनाफलकाला मिळालेले हे स्थान सहज वाचून पुढे जाण्याजोगे नाही. भाच्याला सांगणाऱ्या मामाला कायदा रोखू शकत नाही. ज्याला मामा नाही त्याच्यासाठी भिंतीवर एक कागद लावायला तो सांगतो.

हा कागद लावला कसा जातो, यावर मात्र सारे अवलंबून आहे. अर्जाची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी तो लागतो. काचेच्या पेटीत, तीन जुन्या परिपत्रकांच्या मागे लागतो. अशा भाषेत लिहिला जातो, की वाचणाऱ्याला आपण पात्र आहोत की नाही हेच उमगू नये. कागद लावल्याची नोंद होते, आणि वार्ता दिली असे कागदोपत्री सिद्ध होते. सार्वजनिक केलेली आणि तरी झाकलेली अशी ही वार्ता असते. रुमाल येथे काचेचा झालेला असतो.

अलीकडच्या काळात फळ्यांची जागा फलकांनी घेतली आणि या एका अक्षराच्या फरकात बराच इतिहास आहे. फळ्यावर मजकूर असे. रंगीत छपाईच्या फलकांवर चेहरे असतात. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली यांनी चौक भरून जातात. काय घडले, यापेक्षा कोणाच्या वतीने घडले, हे मोठ्या अक्षरात असते. स्थानिक वृत्तपत्रांचाही निर्वाह बराचसा अशाच शुभेच्छांच्या जाहिरातींवर होतो, आणि ज्याच्या शुभेच्छांवर अंक निघतो त्याच्या कारभाराविषयी अंकात काय लिहिता येईल, हे संपादकाला कोणी शिकवावे लागत नाही. पाचशे-हजार प्रतींच्या साप्ताहिकावर नि:स्पृहतेचे सर्व ओझे टाकून मोकळे होणे, हा वाचकांचाही दांभिकपणा आहे. वर्गणी न भरता निर्भीडपणाची अपेक्षा करणारे शहर आपल्या लायकीची बातमी मिळवते.

आता वार्ता मुख्यतः खिशातल्या फोनवर येते. त्याचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पुराच्या दिवसांत कोणत्या गच्चीवर माणसे आहेत, कोठे दूध हवे, कोठे औषध, हे या साधनाने कळले आणि मदत धावली. चौकात उभी राहू न शकणारी स्त्री आज भरतीची जाहिरात घरात बसून वाचते आणि अर्जही तेथूनच भरते. फळ्याला हे कधी साधले नव्हते. पण या वार्ता ज्या गटांतून फिरतात, ते गट कोणाचे असतात? वसाहतीचा, जातीचा, शाळेतल्या एका वर्षाच्या वर्गमित्रांचा, व्यवसायाचा. ज्याचा क्रमांक त्या यादीत नाही, त्याला आपण काय गमावले, हेही कळत नाही. फळ्यासमोर उभा असलेला निरक्षर माणूस निदान इतके जाणत होता, की येथे काही लिहिलेले आहे. तो शेजारच्याला ‘काय लिहिलंय?’ असे विचारू शकत होता. बंद गटाबाहेरच्या माणसाला विचारण्याचा प्रश्नच सुचत नाही. शिवाय फळ्यावरील मजकुराखाली मंडळाचे नाव असे आणि चूक झाली तर जाब विचारायला एक पत्ता असे. ‘धरण फुटले’ अशी हूल पुराच्या रात्री फोनवरून पसरते, तेव्हा तिला अक्षर नसते आणि पत्ताही नसतो.

म्हणून लहान शहरात सार्वजनिक वार्ता टिकवणे हे स्मरणरंजनाचे काम नाही. ते एका नागरी कर्तव्याचे काम आहे आणि त्याला फारसे भांडवल लागत नाही. नगर वाचनालयाच्या दाराशी, बसस्थानकावर, आठवडी बाजारात, सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागापाशी एक कोरडी, उजेडातली जागा लागते. सोपी मराठी लिहू शकणारा एक माणूस लागतो. मुदत संपण्याआधी पुरेसे दिवस लावलेला आणि मुदत संपताच काढलेला कागद लागतो. निरक्षराला वाचून दाखवणे हे आपले काम आहे, असे मानणारा शिपाई किंवा ग्रंथपाल लागतो. यांतील प्रत्येक गोष्ट करण्याजोगी आहे. आणि कोणाचेही नाव त्यावर मोठ्या अक्षरात येत नसल्यामुळे सहसा राहून जाते.

सकाळी वाचनालय उघडण्याच्या आधी पायरीवर मुले बसलेली असतात. बहुतेक तालुक्याहून पहिल्या एस.टी.ने आलेली, स्पर्धा-परीक्षांच्या अभ्यासाची पुस्तके मांडीवर घेतलेली. दार उघडले, की त्यांतली काही अभ्यासिकेत जागा धरायला धावतात. काही आधी डाव्या हाताच्या भिंतीकडे वळतात, आणि नवीन लागलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून वहीत तारीख उतरवून घेतात. त्यांना कोणीही सांगावा धाडलेला नसतो.